फेरी कुठे चुकली?

नाशिकजवळच्या देवळालीत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ या काळात शाळेत शिकवत होते. गणितातली पदव्युत्तर पदवी त्यांच्याकडे नव्हती, पण संख्यांमध्ये ते कायम रमलेले असत. १९४९ साली मद्रासला झालेल्या गणित परिषदेत त्यांनी चार अंकी संख्यांचा एक गुणधर्म मांडला. १९५५ साली ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात त्यावर त्यांचा लेख आला. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांच्या कामाबद्दल लिहिलं आणि ते जगभरच्या वाचकांपर्यंत पोचलं.

गुणधर्म असा आहे. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त तिचे चारही अंक सारखे नकोत. ते अंक आधी उतरत्या क्रमानं मांडा, मग चढत्या क्रमानं मांडा, आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्याच्यावर हीच कृती पुन्हा करा. जास्तीत जास्त सात वेळा केली की ६१७४ ही संख्या येतेच. उदाहरणार्थ ३५२४:

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

यानंतर कितीही पुढे गेलं तरी ७६४१ − १४६७ = ६१७४ हेच उत्तर येत राहतं. म्हणूनच ६१७४ला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात.

प्रोग्रामिंग नुकतंच शिकू लागलेल्या माणसाला यापेक्षा चांगला सराव मिळणं अवघड आहे. कोणती कृती पुन्हा पुन्हा करायची ते नेमकं ठाऊक आहे आणि कुठे थांबायचं तेही. किती वेळा करावी लागेल, हे मात्र आधी कळत नाही. अशा ठिकाणी लूप लागतो. लूप म्हणजे एखादी अट खरी आहे तोवर त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवायची सूचना. त्या ओळी एकदा चालल्या की एक फेरी पूर्ण झाली. या प्रकरणात आपण हा प्रोग्राम लिहू आणि नवशिक्यांच्या हातून त्यात नेहमी होणाऱ्या चुका एकेक करून शोधू. चुका तर समजतीलच, पण खरं शिकायचं आहे ते चूक शोधण्याचं तंत्र.

पडदा गप्प राहतो तेव्हा

असा प्रोग्राम बहुधा पायथन या भाषेत लिहितात. इथे त्याच्या ओळी मराठीत मांडल्या आहेत, रचना मात्र तीच ठेवली आहे. नवशिक्याचा पहिला प्रयत्न अनेकदा असा असतो:

न = विचारलेली संख्या
फेऱ्या = ०
जोवर न ही ६१७४ नाही तोवर:
　　मोठी = न चे अंक उतरत्या क्रमानं
　　लहान = न चे अंक चढत्या क्रमानं
　　फेऱ्या = फेऱ्या + १
न = मोठी − लहान
फेऱ्या छापा

वाचताना सगळं ठीक वाटतं. प्रोग्राम रन करून ३५२४ दिली की मात्र पडद्यावर काहीच येत नाही. प्रोग्राम बंदही पडत नाही आणि चुकीचा संदेशही दाखवत नाही. शेवटी कंट्रोल आणि सी या कळा एकत्र दाबून तो थांबवावा लागतो.

नेमक्या या क्षणी बहुतेक विद्यार्थी घाई करतात. अट उलटी करून बघतात, दोन ओळींची अदलाबदल करतात, कुठेतरी एक मिळवून बघतात. अशा प्रत्येक अंदाजी बदलानं मूळ चूक तशीच राहते आणि तिच्या जोडीला नवी चूक येण्याचा धोका वाढतो. याऐवजी एकच काम करावं: लूपच्या आत अगदी पहिल्या ओळीवर न ची किंमत छापायला सांगावी. मग पडद्यावर येतं:

३५२४
३५२४
३५२४
३५२४

आता बरंच काही कळलं. लूप चालू आहे, फेऱ्या होत आहेत, पण न बदलत नाही. ‘प्रोग्राम चालत नाही’ या मोघम तक्रारीच्या जागी एक नेमका प्रश्न आला: न बदलणारी ओळ कोणती आणि ती चालते का? ती ओळ आहे ‘न = मोठी − लहान’. पायथनमध्ये लूपच्या आतल्या ओळी समासापासून आत सरकवून लिहितात, आणि यंत्र फक्त त्या सरकवण्यावरूनच आत काय नि बाहेर काय ते ठरवतं. ही ओळ समासाला टेकलेली आहे, म्हणजे ती लूपच्या बाहेर आहे. लूप संपल्याशिवाय तिची पाळी येणार नाही, आणि तिची पाळी आल्याशिवाय लूप संपणार नाही. ओळ चार मोकळ्या जागा आत सरकवली की प्रोग्राम ३५२४साठी ३ हे उत्तर देतो.

ही चूक फक्त वर्गातली नाही. ३१ डिसेंबर २००८ रोजी मायक्रोसॉफ्टची ‘झून ३०’ ही गाणी वाजवणारी यंत्रं ठिकठिकाणी एकाच दिवशी ठप्प झाली. १९८०पासून किती दिवस झाले यावरून आजचं वर्ष कोणतं ते काढणारा एक लूप त्यांच्या घड्याळाच्या प्रोग्राममध्ये होता. शिल्लक दिवस ३६५पेक्षा जास्त आहेत तोवर फेरी करायची. चालू वर्ष साधं असेल तर ३६५ दिवस वजा करून पुढच्या वर्षावर जायचं. लीप वर्ष असेल तर आधी शिल्लक दिवस ३६६पेक्षा जास्त आहेत का ते बघायचं, आणि असतील तरच ३६६ वजा करायचे. २००८ हे लीप वर्ष होतं आणि ३१ डिसेंबर हा त्याचा ३६६वा दिवस. ३६६ हे ३६५पेक्षा जास्त आहेत, म्हणून फेरी सुरू झाली. ३६६ हे ३६६पेक्षा जास्त नाहीत, म्हणून काहीच वजा झालं नाही. त्यामुळे पुढच्या फेरीतही शिल्लक ३६६च, आणि त्याच्या पुढच्या फेरीतही. बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि १ जानेवारीला ग्रिनिच वेळेनुसार दुपारी बारानंतर यंत्र पुन्हा चालू करा, असा सल्ला कंपनीला द्यावा लागला. प्रत्येक फेरीत काहीतरी बदललंच पाहिजे, ही लूपची पहिली गरज. तिथे ती वर्षातल्या एकाच दिवशी, तेही फक्त लीप वर्षात, पूर्ण होत नव्हती.

काही संख्यांवर चालला म्हणून

आता दुरुस्त केलेला प्रोग्राम तपासू. १९०५ हे कापरेकरांचं जन्मवर्ष दिलं तर ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४ असा प्रवास होतो. फेऱ्या ७, म्हणजे होऊ शकतात तितक्या जास्तीत जास्त. २०२४ दिली तर ४. आणखी चार-पाच संख्या देऊन बघितल्या, सगळ्यांची उत्तरं बरोबर आली. इथे समाधान मानून वही मिटणारे पुष्कळ असतात.

२१११ देऊन बघा. पडदा पुन्हा गप्प होतो. न छापणारी ओळ अजून काढलेली नसेल तर दिसतं:

२१११
९९९
०
०
०

या वेळी न बदलतो आहे, पण भलत्याच वाटेनं जातो आहे. आता कागद-पेन्सिल घेऊन बसायचं. आपल्या महाविद्यालयांत याला ‘ड्राय रन’ म्हणतात: यंत्राऐवजी आपण स्वतः एकेक ओळ चालवायची आणि प्रत्येक फेरीत प्रत्येक नावाची किंमत काय झाली ते तक्त्यात लिहायचं.

फेरी १: न २१११, मोठी २१११, लहान १११२, वजाबाकी ९९९
फेरी २: न ९९९, मोठी ९९९, लहान ९९९, वजाबाकी ०

कापरेकरांच्या कृतीप्रमाणे दुसऱ्या फेरीत काय व्हायला हवं होतं? तिथे सगळा हिशेब चार अंकांचा आहे. त्यामुळे ९९९ ही ०९९९ धरायची, तिच्यापासून ९९९० आणि ०९९९ तयार करायच्या, आणि वजाबाकी ८९९१ यायला हवी. त्यापुढे ८०८२, ८५३२ आणि ६१७४. म्हणजे एकूण पाच फेऱ्या. आपल्या मनात ती संख्या चार घरांची होती. यंत्राला ती नुसती नऊशे नव्व्याण्णव दिसली, आणि तिच्या पुढच्या शून्याला त्याच्या लेखी अस्तित्वच नव्हतं. अंक वेगळे करण्याआधी संख्या चार घरांची होईपर्यंत डावीकडे शून्यं भरायची, एवढाच यावर उपाय.

पण ही चूक आधीच्या चाचण्यांत का दिसली नाही? थोडं शालेय बीजगणित केलं की कारण कळतं. उतरत्या क्रमानं मांडलेले अंक क, ख, ग, घ असे धरा. मोठी संख्या १०००क + १००ख + १०ग + घ. लहान संख्येत हेच अंक उलट्या क्रमानं आहेत. म्हणून वजाबाकी नेहमी

९९९ × (क − घ) + ९० × (ख − ग)

इतकी येते. चारही अंक सारखे नाहीत, म्हणून क आणि घ यांच्यात किमान १चा फरक आहे, म्हणजे वजाबाकी किमान ९९९ येणार. हजारापेक्षा लहान अशी एकच वजाबाकी संभवते, ती म्हणजे ९९९, आणि तीही फक्त मोठ्या नि लहान अंकात १चा फरक असून मधले दोन अंक सारखे असतील तेव्हाच. २१११, ५५५६, ७६७७ अशा या संख्या. मोजल्या तर ९,००० चार अंकी संख्यांपैकी त्या फक्त ६८ भरतात. चिठ्ठ्या टाकून दहा संख्या निवडल्या आणि त्यांवर प्रोग्राम तपासला, तर ही चूक एकदाही समोर न येण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक आहे.

म्हणून चाचणीसाठी संख्या निवडायची ती विचार करून, कडेची. सगळ्यात लहान चार अंकी संख्या १०००, सगळ्यात मोठी ९९९९, शून्य असलेली, तीन अंक सारखे असलेली, चारही अंक सारखे असलेली. शेवटची निवडली की आणखी एक चूक सापडते. ११११ दिली तर सरळ ०००० येतं, आणि शून्यातून शून्य वजा करत प्रोग्राम कायमचा फिरत राहतो. इथे शून्यं भरूनही उपयोग नाही. ‘चारही अंक सारखे नकोत’ ही कापरेकरांच्या विधानातली अट आहे, आणि आपण विधानाचा उत्तरार्ध तेवढा प्रोग्राममध्ये उतरवला. लूप सुरू होण्याआधीच ही अट तपासायची आणि अशी संख्या आली तर तसं सांगून थांबायचं.

कडेची एक चाचणी मात्र जवळजवळ सगळेच विसरतात: ज्या संख्येला एकही फेरी लागणार नाही ती, म्हणजे खुद्द ६१७४. अपेक्षित उत्तर ०. नवशिक्याचा प्रोग्राम अनेकदा १ म्हणतो. पायथनमध्ये वापरणाऱ्यानं टंकलेली गोष्ट आधी मजकूर म्हणून हातात येते. तिची संख्या करून घ्यावी लागते. ती केली नसेल तर ‘६१७४’ हा मजकूर आणि ६१७४ ही संख्या यंत्राच्या दृष्टीनं वेगळ्या ठरतात. अट खरी धरली जाते, एक फेरी होते, त्या फेरीतल्या वजाबाकीतून खरीखुरी संख्या तयार होते, आणि मग लूप थांबतो. बाकी कुठल्याही संख्येला या चुकीचा फटका बसत नाही, कारण पहिल्या वजाबाकीनंतर सगळं सुरळीत होतं. चूक पकडणारी संख्या ९,०००मध्ये एकच आहे, आणि ती कोणती ते आपल्याला आधीपासून ठाऊक आहे.

आठ की नऊ?

पुढचा सराव असा: १००० ते ९९९९ या सगळ्या संख्या प्रोग्रामला तपासायला लावा. प्रत्येकीला किती फेऱ्या लागल्या ते छापा, आणि सारख्या अंकांमुळे वगळाव्या लागलेल्या संख्या शेवटी मोजून सांगा. त्यासाठी आधीच्या लूपभोवती दुसरा लूप घालावा लागतो. बाहेरचा लूप संख्या पुरवतो, आतला तिच्यावर कापरेकरांची कृती करतो.

प्रोग्राम रन केल्यावर पडद्यावर पहिले आकडे येतात ५, ९, १२, आणि पुढे ते चढतच जातात. सातच्या वर एकही आकडा जाता कामा नये हे आपल्याला माहीत आहे. म्हणजे चूक आहे हे लगेच कळतं, पण ती कुठे आहे? या आकड्यांतला फरक काढून पाहा. ९ वजा ५ म्हणजे ४, आणि १२ वजा ९ म्हणजे ३. आता हातानं करून बघा: १०००ला ५ फेऱ्या लागतात, १००१ला ४, १००२ला ३. म्हणजे मोजणी अचूक होते आहे, पण प्रत्येक संख्येचा हिशेब आधीच्या संख्येच्या हिशेबात जाऊन पडतो आहे. ‘फेऱ्या = ०’ ही ओळ बाहेरच्या लूपच्याही बाहेर राहिली; ती त्याच्या आत, प्रत्येक नव्या संख्येच्या सुरुवातीला यायला हवी. चुकीच्या उत्तरातही माहिती असते. ते पुसून टाकण्याआधी नीट वाचलं तर अनेकदा तेच चुकीचा पत्ता देतं.

ही ओळ जागेवर आणली की फेऱ्यांचे आकडे बरोबर येतात. शेवटी प्रोग्राम सांगतो: वगळलेल्या संख्या ८. ११११, २२२२ असं करत ९९९९पर्यंत मोजलं तर त्या ९ आहेत. एक कुठे गेली?

पायथनमध्ये संख्यांची रांग तयार करायला ‘रेंज’ वापरतात. रेंजला १००० आणि ९९९९ असे दोन आकडे दिले तर ती १०००पासून सुरू होते आणि ९९९८वर थांबते. सुरुवातीचा आकडा धरायचा, शेवटचा सोडायचा, असा तिचा नियम आहे. वगळली गेलेली ९९९९ ही नेमकी सारख्या अंकांची होती, म्हणून मोजणीत एक कमी आली. उपाय म्हणजे दुसरा आकडा १०००० द्यायचा.

नवशिक्यांना हा नियम सुरुवातीला अन्यायकारक वाटतो. त्यामागचं कारण डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी ११ ऑगस्ट १९८२ रोजी लिहिलेल्या एका छोट्या टिपणात मांडलं आहे. रांगेची सुरुवात धरली आणि शेवट सोडला, तर दोन टोकांची वजाबाकी म्हणजेच रांगेतल्या संख्यांची संख्या. १०००० − १००० = ९,०००, आणि आपल्याला हव्या तेवढ्याच फेऱ्या. शिवाय एक रांग जिथे संपते तिथूनच दुसरी सुरू होते. मध्ये काही निसटत नाही आणि काही दोनदा येत नाही. रेंज लिहिल्यावर दोन आकड्यांची मनात वजाबाकी करून बघायची सवय लावली, तर एकानं चुकण्याच्या बहुतेक चुका रन करण्याआधीच सापडतात.

एकानं चुकण्याची ही खोड संगणकाहून फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हियस यानं आपल्या ग्रंथात तिची नोंद केली आहे. मंदिराची लांबी रुंदीच्या दुप्पट हवी असेल, तर बाजूच्या खांबांची नव्हे, खांबांमधल्या अंतरांची संख्या दुप्पट करा, असं तो सांगतो. पुढच्या बाजूला ६ खांब असतील तर त्यांच्यात ५ अंतरं. बाजूला १० अंतरं हवीत, म्हणजे ११ खांब. ज्यांनी खांबच दुप्पट करून १२ लावले, त्यांच्या मंदिराची लांबी एका अंतरानं वाढली. लूपमध्येही दरवेळी हेच आधी ठरवायचं असतं: आपण खांब मोजतो आहोत की अंतरं? ३५२४ ते ६१७४ या प्रवासात संख्या चार दिसतात, पण वजाबाक्या तीनच होतात. आपण फेऱ्या मोजत असू तर उत्तर ३.

एका वाक्यात मांडलेला लूप

कापरेकरांनी मद्रासला आपला शोध मांडला त्याच वर्षी, १९४९मध्ये, केंब्रिजमध्ये एडसॅक हा संगणक चालू झाला. तो बांधणारे मॉरिस विल्क्स जूनमध्ये एअरी समीकरणाची उत्तरं काढणारा प्रोग्राम लिहीत होते. १२६ सूचनांच्या त्या प्रोग्राममध्ये सुमारे वीस चुका होत्या. आपल्या उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग स्वतःच्याच प्रोग्राममधल्या चुका शोधण्यात जाणार आहे, याची जाणीव तेव्हा झाल्याचं विल्क्स यांनी आत्मचरित्रात नोंदवलं आहे. त्याच महिन्यात, २४ जूनला, केंब्रिजमध्येच भरलेल्या परिषदेत ॲलन ट्युरिंग यांनी एक छोटा निबंध वाचला. मोठा प्रोग्राम बरोबर आहे याची खात्री कशी करायची, हा त्याचा विषय. उदाहरण म्हणून त्यांनी गुणाकाराऐवजी पुन्हा पुन्हा बेरीज करून फॅक्टोरियल काढणारा प्रोग्राम घेतला होता, आणि त्यात एकात एक असे दोन लूप होते.

ट्युरिंग यांचा मार्ग आजही तितकाच उपयोगी आहे. प्रोग्रामच्या ठरावीक जागांवर, तिथे पोचल्यावर काय खरं असलं पाहिजे ते स्पष्ट विधानात लिहायचं आणि प्रत्येक विधान वेगळं तपासायचं. प्रोग्राम थांबतोच हे दाखवण्यासाठी, प्रत्येक टप्प्याला घटत जाणारी एखादी गोष्ट दाखवायची.

आपल्या लूपसाठी असं विधान लिहून बघू: प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला न ही चार घरांची संख्या असते, तिचे चारही अंक सारखे नसतात, आणि ‘फेऱ्या’ म्हणजे याच संख्येसाठी आतापर्यंत झालेल्या वजाबाक्या.

या एका वाक्यासमोर आपल्या चुका ठेवून पाहा. २१११ची वजाबाकी ९९९ आली तेव्हा ‘चार घरांची’ हे खोटं ठरलं. ११११ दिली तेव्हा ‘सारखे नसतात’ हे खोटं ठरलं. संख्येऐवजी मजकूर आला तेव्हा ‘संख्या’ हा शब्दच खोटा ठरला. फेऱ्या शून्यावर आणायला विसरलो तेव्हा ‘याच संख्येसाठी’ हे खोटं ठरलं. लूप लिहिण्याआधी हे वाक्य वहीत लिहिलं असतं, तर यातली एकेक चूक लिहितानाच डोळ्यांसमोर आली असती. ओळ समासाला टेकली तेव्हा ‘झालेल्या वजाबाक्या’ हे खोटं ठरलं, कारण वजाबाकी न होताच फेऱ्या वाढत होत्या. पण लूप थांबेल की नाही, हे या वाक्यातून कळत नाही. त्यासाठी दुसरा प्रश्न लागतो: आणखी एक फेरी झाली तर आपण शेवटाच्या जवळ जातो का?

कापरेकरांच्या कृतीपुरतं या प्रश्नाचं पूर्ण उत्तर देता येतं. मघाचं सूत्र बघा. क आणि घ यांच्यातला फरक १ ते ९, आणि ख नि ग यांच्यातला फरक त्याहून जास्त असू शकत नाही. म्हणून वजाबाकीची फक्त ५४ उत्तरं संभवतात. ९,००० संख्यांतली कोणतीही घ्या, पहिल्या फेरीनंतर ती या ५४पैकीच एक होते. तेवढ्या ५४ तपासल्या की लूप नक्की थांबतो हे सिद्ध झालं.

सगळ्याच लूपबद्दल अशी खात्री देता येत नाही. नवशिक्यांना दिला जाणारा दुसरा आवडता सराव कोलाट्झ यांच्या नावानं ओळखला जातो. संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा, आणि १ येईपर्यंत हेच करत राहा. २७पासून सुरुवात केली तर संख्या ९,२३२पर्यंत चढते आणि १११ पायऱ्यांनी १वर उतरते. संगणकांनी तपासलेली प्रत्येक संख्या अशीच अखेर १वर आली आहे. तरीही हा चार ओळींचा लूप प्रत्येक संख्येसाठी थांबतो, हे आजवर कोणीही सिद्ध करू शकलेलं नाही. कोणताही प्रोग्राम थांबेल की नाही हे बिनचूक सांगणारी एकच सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, हे तर ट्युरिंग यांच्या १९३६ सालच्या निबंधातूनच स्पष्ट झालं होतं. म्हणून प्रत्येक लूपचा विचार ज्याचा त्यानं स्वतंत्रपणे करावा लागतो, आणि शंका असेल तिथे फेऱ्यांना एक कमाल मर्यादा घालून ठेवावी लागते. आपल्या प्रोग्राममध्ये ‘सातपेक्षा जास्त फेऱ्या झाल्या तर थांब आणि न किती आहे ते सांग’ अशी एक ओळ असती, तर २१११च्या वेळी पडदा गप्प राहिला नसता.

तुमच्यासाठी सराव

आता हीच कृती दोन अंकी संख्यांवर करायची आहे. प्रोग्राम लिहिण्याआधी २१पासून हातानं ड्राय रन करा. ०९, ८१, ६३, २७, ४५, आणि पुन्हा ०९ असा क्रम येईल. इथे न प्रत्येक फेरीत बदलतो, घरंही बरोबर दोन आहेत, तरीही लूप कधीच थांबणार नाही, कारण गाठायला एक ठरावीक संख्याच नाही. पाच अंकी संख्यांचंही तसंच होतं: ५३९५५ वरून ५९९९४ आणि तिथून परत ५३९५५. तीन अंकी संख्या मात्र ४९५वर येऊन थांबतात. म्हणजे ‘अमुक संख्या येईपर्यंत’ ही अट आता पुरणार नाही. आलेली प्रत्येक संख्या एका यादीत ठेवायची आणि यादीतलीच संख्या पुन्हा आली की थांबायचं, अशी अट लागेल. ती दोन, तीन, चार, पाच अशा कितीही अंकांना चालेल, आणि सारख्या अंकांच्या संख्यांवरही प्रोग्राम अडकणार नाही.

हा प्रोग्राम लिहायला घ्याल तेव्हा संगणक उघडण्याआधी वहीत तीन गोष्टी लिहा: प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला काय खरं असेल, प्रत्येक फेरीत काय बदलेल, आणि लूप कशामुळे थांबेल. त्याखाली कडेच्या पाच संख्या आणि त्यांची हातानं काढलेली उत्तरं मांडा. मग प्रोग्राम रन करा आणि त्याची उत्तरं वहीतल्या उत्तरांशी ताडून बघा. दोन्ही जिथे पहिल्यांदा वेगळी पडतील, त्या फेरीपासून शोध सुरू करा.